उद्या याच वाटेनं यायचंय

(गुरुजी स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी मला पाचवीला गणित शिकवायला होते. समोरच्या रांगेत त्यांचे आणखी काही विद्यार्थी बसलेले दिसतात, त्यांना गुरुजींची सायकल आठवत असेल. हँडलला कापडी पिशवी आणि पुढे रॉकेलचा दिवा. त्या काळी रात्री सायकलला दिवा नसला की पोलीस अडवायचा. दंडाची पावती वगैरे भानगड क्वचितच. तो चाकातली हवा सोडायचा आणि जरा कडक असला तर व्हॉल्व्ह काढून खिशात टाकायचा. मग घरापर्यंत सायकल हातात धरून चालत जायचं, एवढीच शिक्षा.

एका सकाळी गुरुजी वर्गात आले ते जरा लंगडतच. म्हणाले, "काल रात्री नाक्यावर पकडला गेलो. दिव्यातलं तेल संपलं होतं. दोन मैल चाललो." त्यांच्या मागून एक पोरगा बिनदिव्याचाच येत होता. पोलीस दिसताच तो पॅडलवर उभा राहिला आणि सुसाट निघून गेला. गुरुजींनी हवालदाराला विचारलं, "अहो, मी थांबलो म्हणून मला धरलंत, आणि त्याला सोडलंत?" हवालदार व्हॉल्व्ह फिरवता फिरवता म्हणाला, "जाईल कुठं, मास्तर? उद्या याच वाटेनं यायचंय त्याला."

हे सांगून गुरुजींनी फळ्यावर गणित घातलं. चोर-पोलिसाचं गणित आपण सगळ्यांनी सोडवलंय. सायकलवाला ताशी आठ मैल जातो, पोलीस ताशी दहा मैल पळतो, मध्ये अंतर इतकं, तर पोलीस त्याला किती वेळात गाठेल? आम्ही पाट्या भरल्या. गुरुजींनी सगळ्यांची उत्तरं तपासली आणि म्हणाले, "गणित बरोबर आहे. पण माझा हवालदार तुमच्यापेक्षा हुशार. त्यानं ते घातलंच नाही."

आज मला याच गणितावर बोलायचं आहे. किरकोळ वाहतूक-गुन्ह्यासाठी पोलिसांनी माणसाचा पाठलाग करावा का, आणि केला तर कुठवर?

मी तीसेक वर्षं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वकिली केली. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वर्तमानपत्रातून आला नाही. तो पंचनाम्यातून आला. पण सुरुवात तुम्हाला ठाऊक असलेल्या एका घटनेपासून करतो.

७ मार्च २०१८. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ, तंजावरच्या रस्त्यावर, संध्याकाळची वेळ. एक जोडपं मोटरसायकलवरून चाललं होतं. नवऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तपासणीच्या जागी गाडी पुढे निघून गेली. वाहतूक शाखेचा एक निरीक्षक मागे लागला आणि त्यानं धावत्या गाडीला लाथ मारली. मागे बसलेली बाई रस्त्यावर पडली आणि गेली. त्या रात्री हजारो लोकांनी महामार्ग अडवून धरला, लाठीमार झाला, निरीक्षकाला अटक झाली. दुसरा दिवस जागतिक महिला दिनाचा होता.

त्या वेळी केंद्रीय कायद्यात हेल्मेट न घालण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड होता शंभर रुपयांपर्यंत. आणि गुन्हा नवऱ्याचा, जीव बायकोचा. मागे बसलेल्या माणसाच्या हातात ना ब्रेक असतो, ना गाडी थांबवायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार.

तुम्ही म्हणाल, तो एक माथेफिरू अधिकारी होता, त्यावरून साऱ्या खात्याला का धरायचं? मलाही काही दिवस असंच वाटलं. मग पुढच्या वर्षी केरळात काय झालं ते पाहा. नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे एका दुचाकीस्वाराचा जामीनअर्ज आला. त्या निमित्तानं न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की हेल्मेट नसलेल्यांना पकडण्यासाठी पोलिसांनी रस्त्याच्या मध्ये उडी मारू नये, अंगानं अडवू नये, पाठलाग करू नये. कॅमेरे आहेत, मोबाइल आहेत, बिनतारी यंत्रणा आहे. गाडीचा नंबर टिपा आणि पुढच्या नाक्याला कळवा. यातलं बरंचसं पोलीसप्रमुखांच्या जुन्याच परिपत्रकात होतं, याचीही न्यायालयानं आठवण करून दिली.

निकालाची शाई वाळते न वाळते तोच, त्याच महिन्याच्या अखेरीस, कोल्लम जिल्ह्यात कडक्कल इथं एका पोलिसानं बिनहेल्मेटच्या तरुणावर लाठी फेकली. मुलाचा तोल गेला आणि मोटरसायकल समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली. त्या गाडीत शबरीमलाचे यात्रेकरू होते. मुलगा गंभीर जखमी झाला, पोलीस निलंबित झाला, लोक रस्त्यावर उतरले. उच्च न्यायालयाचा निकाल कोचीत होता आणि लाठी कडक्कलच्या वळणावर. या दोन ठिकाणांमधलं अंतर परिपत्रकानं कापलं जात नाही. माझ्या मते आपला खरा प्रश्न हाच आहे, पण त्याकडे मी नंतर येतो.

आधी दुसरी बाजू. ती तितक्याच जोरानं मांडली नाही तर हे व्याख्यान म्हणजे पोलिसांना झोडपण्याचा आणखी एक कार्यक्रम होईल, आणि गुरुजींना ते आवडलं नसतं.

२०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. हेल्मेट न घातलेली म्हणून नोंदलेली माणसं देशभरात ५०,०२९, आणि त्यातली चौदा हजारांहून अधिक मागे बसलेली. तेव्हा "हेल्मेट म्हणजे काय मोठा गुन्हा" असं म्हणताना जरा जपून. आपल्या पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटची कारवाई जोरात सुरू झाली, तेव्हा विरोधासाठी कृती समिती उभी राहिली, आंदोलनं झाली. रस्ते अरुंद, वेग कमी, मान दुखते, केस गळतात, सगळी कारणं झाली. आजही पाहा, हेल्मेट असतं, पण कोपरात अडकवलेलं. पोलीस दिसला की डोक्यावर, चौक ओलांडला की पुन्हा कोपरात. समोरून येणारा अनोळखी माणूस दिवे उघडमीट करून सांगतो, "पुढे मामा उभा आहे." अनोळखी माणसाला आपण इतकी आपुलकी एरवी कधी दाखवत नाही.

आणि त्या मामाचं काय? ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला वाहतूक शाखेचे हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेट नसलेल्या एका अल्पवयीन मुलाला थांबवलं, कागदपत्रं मागितली. मुलानं भावाला बोलावून घेतलं. भावानं शिंदेंच्या डोक्यात मागून दांडकं घातलं. आठवडाभर झुंज देऊन ३१ ऑगस्टला ते गेले. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईत एका मोटारवाल्यानं वाहतूक पोलिसाला बॉनेटवर घेऊन सुमारे वीस किलोमीटर गाडी पळवली. पोलीस जगला, तो केवळ बॉनेटला घट्ट धरून राहिला म्हणून. हे ज्यानं पाहिलंय त्याला चौकात उभं राहून "सोडून दे" असं सांगणं सोपं नाही. तो विचारेल, "साहेब, आज एकाला सोडलं की उद्या दहा जण थांबणार नाहीत. मग मी शिट्टी कशाला वाजवायची?"

हा युक्तिवाद पोकळ नाही. बाहेरच्या देशांत त्याची परीक्षा झालीय. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरानं २०१० मध्ये पाठलागांवर कडक मर्यादा घातली, कारण पाठलागांत निरपराध माणसं गेली होती. पुढे गाड्यांच्या चोऱ्यांवरून ओरड झाली आणि २०१७ मध्ये मर्यादा सैल झाली. वॉशिंग्टन राज्यानं २०२१ मध्ये कायदाच केला, २०२३ मध्ये तो सैल केला आणि २०२४ मध्ये नागरिकांच्या मागणीवरून आणखी सैल केला. न्यूझीलंडनं डिसेंबर २०२० मध्ये नियम आवळले. पळून जाणाऱ्यांची संख्या वाढली आणि मे २०२३ मध्ये धोरण पुन्हा फिरलं. म्हणजे सोडून देण्यालाही किंमत आहे, ती शून्य नाही. हे मान्य न करता जो बोलतो तो एक तर निवडणुकीला उभा असतो किंवा वकील असतो.

पण पाठलागाची किंमत? अमेरिकेत एका वर्तमानपत्रानं सरकारी नोंदी, कोर्टाची कागदपत्रं आणि बातम्या जुळवून हिशोब मांडला. २०१७ ते २०२२ या सहा वर्षांत पोलिसी पाठलागांत किमान ३,३३६ माणसं मेली. त्यांत पळणारे होते, त्यांच्या गाडीत बसलेले होते आणि नुसते रस्त्यानं जाणारेही होते. तिथं निदान मोजणी होते. आपल्या रस्ते अपघातांच्या वार्षिक अहवालात हेल्मेटचा तक्ता आहे, सीटबेल्टचा आहे, वळणाचा, पावसाचा, धुक्याचा आहे. पाठलागाचा तक्ता मी शोधत राहिलो. तो नाही.

तो का नाही, हे मला एका पंचनाम्यानं शिकवलं. नाव, गाव सांगत नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा, मावसभावाची मोटरसायकल, खिशात लायसन नाही. समोर नाकाबंदी दिसली म्हणून त्यानं गाडी वळवली. एक अंमलदार मोटरसायकलवरून मागे लागला. मुलगा मागे वळून बघत राहिला आणि रस्ता ओलांडणाऱ्या फुलवालीला धडकला. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई. दावा तिच्या मुलांचा होता, मी त्यांचा वकील.

पंचनामा मला अजून पाठ आहे. पूर्व-पश्चिम डांबरी रस्ता, रुंदी साडेसात मीटर. टायर घासल्याची खूण सहा मीटर. एक वेताची टोपली, उलटलेली. शेवंतीची व झेंडूची फुलं विखुरलेली. डाव्या पायाची एक चप्पल. आरशाच्या काचा. वीजखांबापासूनचं अंतर, दुभाजकापासूनचं अंतर, सगळं मोजलेलं. उलटतपासणीत मी पंचाला विचारलं, "मोटरसायकलच्या मागे कोण येत होतं?" पंच जवळच पानाची टपरी चालवायचा, त्यानं सगळं पाहिलं होतं. तो न्यायाधीशांकडे बघून म्हणाला, "साहेब, ते लिहायला सांगितलं नाही."

ज्या ठाण्याचा अंमलदार मागे लागला होता, पंचनामा त्याच ठाण्यानं केला होता. त्याच्या गाडीचा कुणाला स्पर्श झाला नव्हता. म्हणून कागदावर तो घटनास्थळी नव्हताच. विमा कंपनीनं लायसन नसल्याचा मुद्दा घेतला. आम्ही बाईच्या उत्पन्नाचा हिशोब मांडला. २००९ सालच्या सरला वर्मा निकालातला, वयावरून भरपाईचा गुणक ठरवणारा तक्ता आम्हा वकिलांना तोंडपाठ असतो. वय सेहेचाळीस ते पन्नास, गुणक तेरा. रोजची कमाई, त्यातून तिचा स्वतःचा खर्च वजा, वर्षाचे दिवस, गुणिले तेरा. मुलांना रक्कम मिळाली. ते गणित करताना मला पाचवीचा फळा आठवत होता. तिथं दोन गाड्या होत्या आणि मधलं अंतर होतं. रस्ता ओलांडणारी फुलवाली त्या गणितात नव्हती.

आता कायदा. लोक समजतात की पोलिसानं हात दाखवला आणि कुणी थांबलं नाही, तर पोलिसाला पुढे काहीही करता येतं. उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या गणवेशातल्या पोलिसानं थांबायला सांगितलं तर चालकानं थांबलंच पाहिजे, हे मोटार वाहन कायद्याचं कलम १३२ सांगतं. न थांबणं हा गुन्हा आहे आणि तो मी एका शब्दानंही हलका करत नाही. पण त्या गुन्ह्याची शिक्षा काय, हेही त्याच कायद्यात आहे. अधिकाऱ्याचा हुकूम मोडल्याबद्दल कलम १७९ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन हजार रुपयांपर्यंत दंड. हेल्मेटसाठी कलम १९४ ड, एक हजार रुपये आणि तीन महिने लायसन निलंबित. गाडी चालवणाऱ्याच्या किल्ल्या हिसकावण्याचं कलम त्यात नाही. लाथ मारण्याचं किंवा लाठी फेकण्याचं तर कुठल्याच कायद्यात नाही.

आणि अटकेचं म्हणाल, तर एक जुनी तरतूद ऐका. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती होती, १९७३ च्या संहितेत कलम ४६ मध्ये राहिली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये आहे. अटक चुकवणाऱ्याला पकडण्यासाठी पोलिसानं लागतील ती साधनं वापरावीत, असं कायदा म्हणतो. लगेच पुढे म्हणतो की ज्याच्यावर देहान्त किंवा जन्मठेपेच्या शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा मृत्यू घडवण्याचा हक्क या कलमानं मिळत नाही. हे राणीच्या राज्यातल्या इंग्रजानं, ज्याला आपल्या जिवाची फारशी पर्वा नव्हती, त्यानं लिहून ठेवलं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला पळणाऱ्या निःशस्त्र संशयितावर सरसकट गोळी झाडता येणार नाही, हे १९८५ साली सांगावं लागलं. आपल्याकडे ते शतकभर पुस्तकात आहे. पळणारा चोर असला तरी विचार करावा लागतो. मग पळणाऱ्याकडे फक्त पीयूसी नसेल तर?

याच अमेरिकन न्यायालयाचा एक निकाल मला वकील म्हणून फार अस्वस्थ करतो. मार्च २००१, जॉर्जिया राज्य. रस्त्याची मर्यादा ताशी पंचावन्न मैल, एकोणीस वर्षांच्या मुलाची गाडी त्र्याहत्तरनं चाललेली. पोलिसांनी दिवे लावले, तो थांबला नाही. सहा मिनिटं पाठलाग झाला. मग पोलिसानं आपल्या गाडीनं त्याच्या गाडीला मागून धक्का दिला. गाडी उलटली. मुलाचे दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे गेले. २००७ मध्ये न्यायालयानं आठ विरुद्ध एक अशा मतांनी पोलिसाला योग्य ठरवलं. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती स्कॅलिया यांचं. त्यांचं म्हणणं असं की मुलानं इतरांचे जीव धोक्यात घातले होते, आणि जो जितका बेफाम चालवेल तितका तो सुटेल, असा नियम आम्ही करणार नाही. आपल्या चौकातल्या हवालदाराचाच युक्तिवाद, फक्त झगा घातलेला. एकटे विरोधात होते न्यायमूर्ती स्टीव्हन्स. त्यांनी इतर मुद्द्यांबरोबर एक साधी गोष्ट दाखवून दिली. पोलिसांकडे गाडीचा नंबर होता. पाठलाग सोडून दिला असता तरी त्याला नंतर पकडता आलं असतं.

श्रोतेहो, जाईल कुठं? स्टीव्हन्स यांनी इंग्रजीत आणि कायद्याच्या भाषेत जे लिहिलं, ते आमच्या नाक्यावरचा हवालदार व्हॉल्व्ह काढता काढता बोलून गेला होता.

पण अमेरिकेचं सगळं आपल्याला लागू पडत नाही. तिथला पाठलाग म्हणजे गाडीमागे गाडी, कित्येक मैल, वरून हेलिकॉप्टर. आपला पाठलाग बहुतेक वेळा तीस सेकंदांचा असतो. झाडाआड उभा असलेला पोलीस एकदम पुढे येतो. हँडल धरतो, मागच्याची कॉलर धरतो, काठी आडवी करतो, बॅरिकेड सरकवतो. आणि समोर असते दुचाकी. तिला ना पत्रा, ना पट्टा, ना एअरबॅग. ताशी पन्नास किलोमीटरनं चाललेली गाडी एका सेकंदात जवळजवळ चौदा मीटर जाते. म्हणजे या सभागृहाची अर्धी लांबी. तेवढ्यात चालवणाऱ्यानं मागे वळून पाहिलं तर समोरचं काही दिसत नाही, आणि कुणी हँडल ओढलं तर पुढचं त्याच्या हातात राहत नाही. परदेशातली पाठलाग-धोरणं गाडी किती वेगानं, किती लांब न्यायची याविषयी बोलतात. आपल्याला नियम हवा आहे तो या तीस सेकंदांसाठी. हाताचा, काठीचा आणि उडीचा.

"मग काय, कॅमेऱ्यावर सोडायचं?" हा पुढचा प्रश्न. काही अंशी हो. केरळनं ७२६ कॅमेऱ्यांच्या यंत्रणेतून जून २०२३ पासून दंड सुरू केला, त्यातले बहुतेक कॅमेरे हेल्मेट आणि सीटबेल्ट टिपणारे. आपल्या द्रुतगती मार्गावर वेग टिपणारी यंत्रणा बसली आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३६ अ आलं, ते इलेक्ट्रॉनिक देखरेखीसाठीच. कोइम्बतूरच्या एका अस्थिरोग शल्यचिकित्सकानं २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रस्ता सुरक्षेची याचिका केली, आणि त्याच याचिकेत २०२४ मध्ये न्यायालयानं राज्यांना या कलमाची अंमलबजावणी करायला सांगितलं. मोडलेली हाडं जोडणारा माणूस कोर्टात गेला, ही गोष्ट मला मोलाची वाटते. चौकातल्या भांडणाचा शेवट कुठल्या टेबलावर होतो ते त्याला ठाऊक होतं.

कॅमेरा रागावत नाही, हा त्याचा मोठा गुण. त्याचा अपमान होत नाही. पण कॅमेऱ्याला साधू समजू नका. नंबरप्लेटवर चिखल, फॅन्सी अक्षरांत "दादा" आणि "बॉस", दुसऱ्याचा नंबर लावलेली गाडी, आणि नाशिकला कधी न गेलेल्या माणसाला नाशिकचं चलान. ई-चलान मोबाइलवर येतं आणि जाहिरातींच्या मेसेजमध्ये हरवतं. थकबाकी साठत जाते आणि लोकअदालतीत सवलतीची वाट पाहिली जाते. हे सगळं खरं आहे. पण या प्रत्येक दोषावर कागदोपत्री इलाज करता येतो. चुकीचं चलान रद्द होतं, अर्ज करता येतो, हेलपाटे घालावे लागतात, चार शिव्या देऊन माणूस घरी जातो. फुलवालीसाठी मी कुठला अर्ज करणार होतो?

पाठलागाच्या मुळाशी कायदा कमी आणि अपमान जास्त असतो, असं मला वाटतं. चौकात दिवसभर उन्हात, धुरात उभा असलेला माणूस. समोरून एक पोरगा येतो, हसतो, गाडी कट मारून नेतो. आजूबाजूचे बघत असतात. त्या क्षणी हेल्मेट मागे पडतं आणि उरतं एवढंच की "माझं ऐकलं नाही." तिथून पुढचे तीस सेकंद कायद्याचे नसतात. त्या माणसाला दोष देणं सोपं आहे. पण त्याला वर्षभर पकडलेल्या केसेसच्या आकड्यावर कुणी मोजलं? "सोडलास कसा?" असं कुणी विचारलं? वरिष्ठांनीच. आणि "सोडलास, बरं केलंस" असं एकदा तरी कुणी म्हटलं का? केरळचा निकाल कडक्कलपर्यंत पोचला नाही, कारण मध्ये हा न बोललेला हिशोब उभा होता. शिक्षा होईल या भीतीनं माणूस काठी फेकण्यापासून थांबतो तो फार तर एकदा. सोडून देण्यानं आपली पत जात नाही, हे त्याला पटलं तरच तो रोज थांबेल.

म्हणून चार साध्या गोष्टी मागतो आणि थांबतो.

एक. फक्त दंडाच्या गुन्ह्यासाठी, म्हणजे हेल्मेट, सीटबेल्ट, ट्रिपल सीट, कागदपत्रं, नो एंट्री यांसाठी पाठलाग नाही, अंगाला किंवा हँडलला हात नाही, वस्तू फेकणं नाही. दारू पिऊन गाडी चालवणारा, कुणाला उडवून पळालेला, जिच्यातून कुणाला पळवून नेलं जातंय ती गाडी, हे वेगळे. तिथं मागे जावंच लागेल, पण तेही वायरलेसवर कंट्रोलला सांगून आणि पुढच्या नाक्याला सावध करून.

दोन. नाकाबंदी दिसेल अशी असावी. झाडाआडून, वळणावर, पुलाच्या उतारावर नाही. लांबूनच दिसणारा फलक, दिवा, आणि थांबायला पुरेसं अंतर. ज्याला नाका दुरून दिसतो तो बहुतेक वेळा थांबतो. अचानक समोर आलेल्या हाताला घाबरूनच पुष्कळ जण गाडी दामटतात.

तीन. पाठलागात कुणी जखमी झालं किंवा गेलं, तर पंचनामा दुसऱ्या ठाण्यानं करावा आणि वार्षिक अहवालात त्याचा स्वतंत्र रकाना असावा. मोजलं नाही की ते झालंच नाही, असं सरकारला वाटतं. मलाही वकिलीत पहिली काही वर्षं तसंच वाटत होतं.

चार. ही आपल्यासाठी. दिवे उघडमीट करून मामाची खबर देणं थांबवा. हेल्मेट कोपरातून डोक्यावर घ्या. पोलिसानं संयम ठेवावा असं म्हणायचं आणि आपण रोज त्याचा अंत पाहायचा, हे चालणार नाही. गुरुजी त्या रात्री पळाले नाहीत, थांबले आणि दोन मैल चालले, हेही त्या गोष्टीत आहे. आम्ही वर्गात त्यांना हसलो होतो. आज या वयात वाटतं की त्या रात्री नाक्यावरची दोन्ही माणसं शहाणी होती.

आमच्या ठाण्यांत एक वही असते, स्टेशन डायरी. दिवसभरात जे घडेल ते वेळेसह त्यात लिहायचं असतं. त्यातल्या असंख्य नोंदी मी कोर्टात वाचून दाखवल्या आहेत, आणि त्या वाचून माणसं रडलेली पाहिली आहेत. मला एक नोंद पाहायची आहे, जी मी अजून पाहिलेली नाही. सायंकाळी सात वाजून दहा मिनिटं. मोटरसायकल क्रमांक अमुक अमुक. चालक विनाहेल्मेट, इशारा देऊनही थांबला नाही. रस्त्यावर गर्दी. पाठलाग केला नाही. नंबर टिपून पुढील कारवाईस पाठवला.

खाली सही. आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठाच्या अक्षरात, समासात, एकच शब्द: योग्य.